एकशे सदुसष्टावी ओळ

चष्म्याचं दुकान गुरुवारी बंद असायचं. शटर अर्धं खाली, आत दिवा चालू, आणि मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी, पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं एकाच संगणकात तोंड घालून बसलेली.

"पडद्याची दोरी ही दोरीच," दंतोबा म्हणाला. "तिला वेगळा टॅग कशाला?"

"बरं. आणि गाऊनचा पट्टा?"

"पट्टा."

"अरे, कातडी पट्टा खलनायक स्वतःच्या कमरेचा काढतो. गाऊनचा पट्टा तिचाच असतो. फरक आहे की नाही?"

"डोळ्यांना दिसतं तेवढं लिहायचं. पट्टा कुणाचा याचा तपास पोलीस करतील."

चष्मेवाला इतका हसला की त्याला स्वतःचा चष्मा काढून पुसावा लागला. मग त्याने "गाऊनचा पट्टा" हा टॅग "पट्टा" या टॅगात मिसळून टाकला आणि दोघे पुढच्या शब्दाकडे वळले.

आता हे काय चाललं होतं ते उलगडून सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याचा भलताच समज व्हायचा. सिनेमात नायिकेला गोदामात खुर्चीला बांधून ठेवतात, तोंडाला रुमाल लावतात, आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी दार फोडून आत येतं. तुम्ही आम्ही ते बघतो आणि विसरतो. पण जगात काही माणसं अशी असतात की तेच एक दृश्य त्यांच्या मनात लहानपणी रुतून बसतं आणि जन्मभर निघत नाही. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. देवाने माणूस घडवताना प्रत्येकाच्या मनात एखादा कोपरा असा ठेवला आहे की तिथला दिवा कुणी लावला हे त्या माणसालाही ठाऊक नसतं. अशा ठिकठिकाणच्या माणसांनी मिळून इंटरनेटवर एक कोश केला होता. कुठल्या सिनेमात, कितव्या मिनिटाला, कोणाला, कशाने, कशाला बांधलं आहे, याची नोंद आणि सोबत तेवढा तुकडा. नऊ हजारांवर दृश्यं. सगळी पडद्यावरची, सगळी प्रौढ माणसांची, सगळा नुसता अभिनय. निदान तसं ते समजत होते.

दंतोबा हे अर्थात टोपणनाव. तो कवळ्या बनवायचा. दंतवैद्य जबड्याचं माप घेऊन पाठवायचे, हा आपल्या दोन खोल्यांच्या कामाच्या जागेत प्लॅस्टरचा साचा काढायचा, मेणावर एकेक दात बसवायचा, आणि शेवटी चाकावर घासून अशी चकाकी आणायचा की त्याची थोरली बहीण म्हणायची, "माणसापेक्षा दात जास्त हसतात तुझे." ही अक्का नवऱ्याच्या पश्चात त्याच्याकडेच राहायची. तिला कोशाचं सगळं माहीत होतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप आपटून म्हणाली, "व्यसन नाही, भांडण नाही, संध्याकाळी सातच्या आत घरी. दोरीने बांधलेल्या बायकांची यादी करतो. करू दे बापडा. पण पाहुण्यांसमोर तो संगणक मिटलेला हवा."

आणि चष्मेवाला? त्याचीही गंमतच. चार वर्षं दोघे नुसते कोशावरचे स्नेही होते, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. एकदा फोनवर "साखळी" आणि "बेडी" यांवर वाद घालत असताना एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत गेली. दंतोबाला तो भोंगा खिडकीतून ऐकू आला आणि लगेच फोनमधूनही ऐकू आला. मग चष्मेवाला हळूच म्हणाला, "तू कुठल्या रस्त्यावर आहेस रे?" निघालं असं की मधे फक्त तीन गल्ल्या. त्या संध्याकाळी दंतोबा त्याच्या दुकानात गेला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला असा माणूस भेटला की ज्याच्यासमोर काहीही झाकायची गरज नव्हती. हे सुख ज्याला मिळालं नाही त्याला त्याची किंमत कळायची नाही. सात वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. दंतोबाचे आताचे चष्मे चष्मेवाल्याचे, चष्मेवाल्याच्या आईची कवळी दंतोबाची.

कोशाची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे टॅग. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहिलेलं. एकाच गोष्टीला "खुर्ची", "खुर्चीला", "खुर्चीत हात मागे", आणि एका कविमनाने "लाकडी कैद" असंही लिहिलेलं. शोधणाऱ्याला काही सापडेना. म्हणून पाच स्वयंसेवक बसले आणि प्रमाण यादी करू लागले. पद्धत अशी की एकाने विलीनीकरण सुचवायचं, दुसऱ्याने वाचून मान्यता द्यायची. मान्यता दिली की जुना टॅग नव्यात मिसळून जायचा, आणि कोणती नोंद कुठून आली याचा मागमूस राहायचा नाही. पाण्यात साखर. परत वेगळी करता यायची नाही.

त्यातच एकदा "बिचारी" या टॅगावरून सात आठवडे धुमश्चक्री झाली. कुणी म्हणे ती बिचारी दिसते, कुणी म्हणे ती तर खलनायकाला शिव्या घालते आहे, बिचारी कसली. दोन स्वयंसेवक रुसून निघून गेले, त्यांच्या जागी दोन नवे घ्यावे लागले. शेवटी दंतोबाने एक नियम लिहिला आणि सगळ्यांनी तो डोक्यावर घेतला: टॅग म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढंच. मत नाही, कारण नाही, दयामाया नाही.

हा नियम त्याने स्वतःच्या हाताने लिहिला, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर वर्षभराने बाई आल्या.

दंतवैद्य डॉक्टरीणबाईंनी एक साचा पाठवला होता. वरचे पुढचे चार दात करायचे होते, आणि रंग काही जुळत नव्हता, म्हणून रुग्णालाच दंतोबाकडे धाडलं होतं. सत्तरीच्या बाई, ताठ पाठीच्या, केस आखूड कापलेले. दंतोबाने रंगांची पट्टी त्यांच्या ओठाशी धरली आणि त्यांच्या जुन्या दातांच्या साच्याकडे पाहिलं. वरचा डावा दात तिरका तुटलेला. पाहिल्याबरोबर त्याने पट्टी खाली ठेवली. तो तिरका काप तो ओळखत होता.

कोशातलं एक जुनं दृश्य होतं. धान्याचं गोदाम, खांब, आणि खांबाला बांधलेली एक तरुण नटी, तोंडात लाकडाचा तुकडा. फार लोकप्रिय दृश्य. दातांचं काम करणाऱ्या माणसाची नजर कुठे जाणार? दातांकडेच. पहिल्या तुकड्यात तो दात अख्खा होता आणि तिसऱ्या तुकड्यात तुटलेला. दंतोबा त्याला वर्षानुवर्षं रंगभूषेची करामत समजत आला होता.

"हा दात..." तो म्हणाला.

"तरुणपणी तुटला," बाई म्हणाल्या. "शूटिंगमध्ये."

"गोदामात?"

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि सांगितलं. एकच सिनेमा केला होता त्यांनी. दिग्दर्शकाला खरे अश्रू हवे होते. त्यांना न सांगता त्याने जेवणाची सुट्टी जाहीर केली, सगळी माणसं निघून गेली, आणि त्या बांधलेल्याच राहिल्या. कॅमेरा मात्र चालू. त्यांनी ओरडायला जोर लावला तेव्हा लाकूड चावून दात तुटला. "परत आले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," बाई म्हणाल्या. "काय सुंदर रडलीस म्हणाले."

ते दृश्य त्याने किती वेळा पाहिलं होतं याचा हिशेब देवालाच माहीत. तो खोटं बोलू शकला असता. पण त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं: कोश, टॅग, आपण कोण, सगळं. बाई उठून जातील असं त्याला वाटलं. त्या उठल्या नाहीत.

"मला त्याचा उपद्रव नाही," त्या म्हणाल्या. "मी काही ते बघत बसत नाही. पण मुलाला माहीत नाही, नातीला माहीत नाही. माझ्या घरात मी कधी कुणासमोर रडले नाही हो. ते एवढंच माझं आहे."

"ते कुणाला दिसणार नाही," दंतोबा म्हणाला. "माझा शब्द."

त्या गुरुवारी त्याने चष्मेवाल्याला सगळं सांगितलं. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले, हेही खरं. दोघांनी मिळून "पडदा" नावाचा एक टॅग केला. ज्या दृश्याला तो लागेल ते शोधात येणार नाही. बाईंचं दृश्य पहिलं. मग दंतोबा वेड लागल्यासारखा जुन्या मुलाखती, आठवणी, पत्रं वाचत सुटला, आणि जिथे जिथे नटीने किंवा नटाने पुढे सांगितलं होतं की तो अभिनय नव्हता, आम्हाला विचारलं नव्हतं, तिथे तिथे त्याने पडदा टाकला. तीन वर्षांत एकसष्ट दृश्यं झाली.

"पण हा टॅग आपल्या नियमात बसत नाही," तो एकदा म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाही तो. अपवाद म्हणून लिहून ठेवूया का?"

"लिहायचं काय त्यात?" चष्मेवाला म्हणाला. "लिहिलं तर दहा जण कारण विचारतील, कारण सांगितलं की बभ्रा. मी आहे ना."

मी आहे ना. या तीन शब्दांवर माणूस किती निश्चिंत झोपतो!

मग एका सोमवारी सकाळी चष्मेवाल्याकडून दोनशे बारा विलीनीकरणांची यादी आली. सोबत दोन शब्द: बघून टाक. दंतोबाच्या मेजावर त्या दिवशी तीन कवळ्या मेणात होत्या आणि एका दंतवैद्याचा माणूस दारात उभा होता. त्याने पहिली चार नावं वाचली. सुतळी, सुती दोरी, दोरखंड, नायलॉन, सगळं दोरीत. चष्मेवाल्याचं काम, त्यात काय बघायचं? त्याने मान्यता दिली आणि पुन्हा मेण तापवायला घेतलं.

पंधरा दिवसांनी बाई आल्या. कवळीने काही दुखतंय का, असं विचारत दंतोबा हसतमुखाने पुढे झाला. बाईंनी बसायला नकार दिला.

"माझ्या पंचाहत्तरीसाठी नात जुने फोटो गोळा करत होती," त्या म्हणाल्या. "ऑफिसात बसून तिने माझं नाव शोधलं. पहिलंच काय आलं माहीत आहे?"

दंतोबाने पुढे केलेली खुर्ची मागे सरकवली.

"त्याच्याखाली लिहिलं होतं 'अस्सल'. आणि खाली लोकांचे शेरे. काय सुंदर रडते, म्हणे." बाईंचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"बाई, असं होणं शक्यच..."

"माझी नात खोटं बोलत नाही."

त्या गेल्या. दंतोबाने हातही न धुता संगणक उघडला. शोधाच्या चौकटीत "पडदा" लिहिलं. असा टॅग नाही. पुन्हा लिहिलं. असा टॅग नाही. मग त्याने जुन्या कामांची यादी काढली आणि वाचत वाचत खाली आला. एकशे सहासष्ट: सुतळीचा तोडा, दोरी या टॅगात विलीन. एकशे सदुसष्ट: पडदा, "अस्सल" या टॅगात विलीन. एकशे अडुसष्ट: तोंडावर रुमाल, "तोंड बांधलेले" या टॅगात विलीन. प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा. मान्यता: दंतोबा. "अस्सल" म्हणजे गाठी खरोखर आवळलेल्या दिसतात अशी दृश्यं, आणि तो टॅग शोधात सगळ्यांना उघड दिसायचा.

"काय झालं रे?" अक्का दारातून म्हणाली. "पांढराफटक पडलास."

"अक्का, केसाने गळा कापला गं."

"कुणी?"

तो चपला घालायला उठला.

गुरुवारची वाट बघण्याइतका धीर त्याच्यात नव्हता. तो तसाच दुकानात गेला. भर दुपार, दुकान उघडं, काउंटरवर एक बाई मुलाच्या चष्म्याची दांडी घट्ट करून घेत होती. चष्मेवाला नेहमीसारखा प्रेमाने बोलत होता. "नाकावर बसतोय ना बेटा? खाली वाक, उडी मार. पडला नाही? शाब्बास." मुलगा उड्या मारत गेला. दंतोबाला वाटलं, हाच माणूस. हाच.

"एकशे सदुसष्ट," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने विचारलं नाही की कसले एकशे सदुसष्ट. तिथेच सगळं कळून चुकलं. दंतोबा वाटभर देवाला विनवत आला होता की चूक निघू दे, बोट चुकून लागलेलं निघू दे.

"आत ये," चष्मेवाला म्हणाला.

"इथेच बोल."

"हे बघ, तो मोठा कोश आहे ना, चाळीस हजार दृश्यांचा? ते आपल्याला सामावून घेतायत. आपलं अकरा वर्षांचं काम, तुझं, माझं, सगळ्यांचं, कायमचं टिकणार. त्यांनी मला या विभागाचा संपादक केलंय. अट एकच होती. झाकलेलं काही नको."

"मग नाही म्हणायचं."

"सगळ्या कोशावर पाणी सोडायचं? एकसष्ट तुकड्यांसाठी?"

"तुकडे? बाईंची गोष्ट ऐकून रडला होतास तू, या खोलीत!"

"रडलो होतो. खोटं रडलो नव्हतो." चष्मेवाल्याने काउंटरवरची फडकी सरळ केली. "पण पडदा हा टॅग नियमात बसत नव्हता. डोळ्यांना दिसतं तेवढंच. मत नाही, कारण नाही, दयामाया नाही. नियम कुणी लिहिला?"

दंतोबाला वाटलं, कुणीतरी आपलाच हात धरून आपल्याच थोबाडीत मारली.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणून सुतळी आणि रुमालाच्या मधे घातलंस? मी वाचणार नाही हे माहीत होतं तुला."

"माहीत होतं," चष्मेवाला म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर खाली गेली. "सात वर्षांत तू माझी एकही यादी पूर्ण वाचली नाहीस. मला कधी कधी वाईटही वाटायचं त्याचं."

शत्रूने असं काही केलं असतं तर माणूस भांडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण ज्याच्यापुढे आपण मनाची सगळी कपाटं उघडून ठेवली, त्यानेच कोणतं कपाट कुलपाविना आहे ते बघून ठेवावं, याला काय म्हणायचं? तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आत आले आणि वाचायचा चष्मा मागू लागले. चष्मेवाला त्यांच्याकडे वळला. "या काका, बसा." दंतोबा बाहेर पडला.

घरी येऊन त्याने बाकीच्या तिघांना पत्र लिहिलं. झाकून काही ठेवलं नाही. आपण न वाचता मान्यता दिली, हेही लिहिलं. आता एकसष्ट एका झटक्यात वेगळी काढता येत नाहीत, म्हणून "अस्सल" हा सगळा टॅगच झाकावा, तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस दृश्यं, असं सुचवलं. एक मान्यता पुरली असती. एकाने उत्तर दिलं की भावनेच्या भरात निर्णय नकोत. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. तिसरी होती एका रुग्णालयातली परिचारिका. तिला कोशावर सगळे सलाईन म्हणायचे. तिने पत्र वाचल्याबरोबर फोन केला.

"दंतोबा, मी दिली मान्यता. आत्ताच. पण ऐका, दोन महिन्यांपूर्वी चष्मेवाल्यांनी मला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"पडदा उठवायला मान्यता देशील का, म्हणून. मी नाही म्हटलं. मला वाटलं विषय मिटला." ती थांबली. "तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तुम्ही दोघे इतके जिवाभावाचे, मधे कशाला पडू म्हटलं. चुकलंच माझं."

टॅग पन्नास मिनिटं झाकलेला राहिला. मग चष्मेवाल्याने संपादकाचा अधिकार वापरून तो उघडला, आणि दंतोबाने पुन्हा आत जायचा प्रयत्न केला तेव्हा त्याचं खातं बंद झालं होतं. बाहेरच्या माणसाला दिसतं तेवढंच त्याला दिसत होतं. खांब, गोदाम, आणि खाली अस्सल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने त्याला इस्त्रीचा सदरा काढून दिला. "जा," ती म्हणाली. "तोंड लपवून किती दिवस बसशील? मेणावरचे दातसुद्धा काल तू उलटे बसवलेस."

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार नातीने उघडलं. पंचविशीची मुलगी, ऑफिसला निघायच्या तयारीत, एका पायात बूट. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "आजी, ते दातवाले."

बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. दंतोबा उभ्यानेच बोलला. त्याने चष्मेवाल्याचं सगळं सांगितलं. ओळींची यादी, सुतळी, रुमाल, मोठा कोश. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आपण मित्राचीच गोष्ट सांगत सुटलो आहोत, त्याने मला कसं फसवलं, मला काय वाटलं. तो थांबला.

"मान्यता कुणाची होती?" बाईंनी विचारलं.

"माझी."

"वाचून दिली होती?"

"नाही."

"का?"

"त्याने पाठवली होती म्हणून."

बाईंनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना अपेक्षितच होतं. नात दुसरा बूट हातात धरून भिंतीला टेकून उभी होती. "मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "आजी म्हणते विचारू नकोस, पण मी विचारणार. तुम्ही लोक हे का बघता?"

आयुष्यात हा प्रश्न त्याला कुणी सरळ विचारला नव्हता. चष्मेवाल्याला विचारायची गरज नव्हती आणि अक्काला उत्तर नको होतं.

"मी आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा पाहिलं," तो म्हणाला. "त्यात कुणीतरी येऊन दोर सोडतं. सुटल्यावर ती मनगटं चोळते आणि हसते. मला वाटायचं, इतकं घट्ट बांधलेलं माणूससुद्धा सुटतं. ते बघायला मी पुन्हा पुन्हा... बाकीचं नंतर चिकटलं. खोटं सांगत नाही, बाकीचंही आहे."

"आजीच्या त्यात कुणी सोडत नाही," नात म्हणाली. "ती रडते आणि तिथेच संपतं."

"हो," दंतोबा म्हणाला. "मी ते तरीही बघायचो."

नातीने बूट घातला, आजीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दंतोबाकडे न बघता कामाला निघून गेली.

"तिला मी सगळं सांगितलं," बाई म्हणाल्या. "रात्रभर माझ्याजवळ झोपली. लहानपणी झोपायची तशी. मुलाला रविवारी सांगणार आहे. माझं जे झाकलेलं होतं ते आता उघडं पडलं. तुम्ही काही करू शकत नाही."

"मला माफ करा, बाई."

"ते राहू द्या. माझ्या मनात अजून नाही, तर तोंडाने कशाला म्हणू?" त्यांनी टेबलावरचं भांडं बाजूला सरकवलं. "एक सांगा. एकसष्ट म्हणालात ना? बाकीचे साठ कोण?"

दंतोबाला सगळे तोंडपाठ होते. त्याने सांगायला सुरुवात केली. कुणी गेलेल्या, कुणी परदेशी, एक शिक्षिका झालेली, एक पुरुष आता घड्याळं दुरुस्त करणारा. बाई ऐकत राहिल्या.

"यातले जिवंत किती?"

"बावीस. माझ्या माहितीप्रमाणे."

"त्यांना माहीत आहे का, काय झालं ते?"

तीन वर्षं दंतोबा त्या साठ जणांचा राखणदार म्हणवत होता, स्वतःशीच का होईना. आणि काल दुपारपासून त्यांतल्या कुणाला कळवायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. त्याच्या मनात होता फक्त एक माणूस, चष्म्याच्या दुकानातला.

"माझ्याकडे आलात, कारण माझ्या घराचा जिना तुम्हाला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "त्यांनाही मुलं असतील. नाती असतील. कुणीतरी ऑफिसात बसून त्यांचं नाव शोधेल. ते त्यांना आधी कुणाकडून कळायला हवं?"

"माझ्याकडून."

"मग माझ्यासमोर काय उभे आहात?"

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. बाईंनी हात वर करून थांबवलं, उठून दार उघडलं, आणि तो बाहेर पडेपर्यंत दार धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर तो पायरीवर बसला. खालून कुणीतरी पिशव्या घेऊन वर येत होतं, म्हणून तो भिंतीकडे सरकला. मग खिशातून फोन काढला, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या दुकानाचा नंबर शोधला, आणि पलीकडून आवाज येण्याची वाट बघू लागला. पहिलं वाक्य काय बोलायचं, ते त्याला अजून सुचलं नव्हतं.